ठरण्याआधीची सभा

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सकाळी भोकरच्या तहसील कार्यालयासमोर, पंचायत समितीच्या आवारात आणि तालुक्यातल्या शाळाशाळांत तिरंगा चढतो. भाषणांतून स्वामी रामानंद तीर्थांचे नाव येते, गोविंदभाई श्रॉफ यांचे येते, रझाकारांचा जुलूम येतो, पोलीस ॲक्शन येते. ते सारे यायलाच हवे. पण मराठवाड्याच्या मुक्तीचा विचार करताना त्याआधीची एक साधी अडचण लक्षात घ्यायला हवी. निजामाच्या राज्यात चार माणसांना एकत्र बसून सार्वजनिक प्रश्नावर बोलायचे तर सरकारची परवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ हे फर्मान त्यासाठीच होते. परवानगीवाचून सभा नाही, आणि परवानगी मिळणार की नाही हे अंमलदाराच्या मर्जीवर. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर स्थापन होण्याआधीच, १९३८ साली बंदी आली.

म्हणून त्या पिढीने वाटा शोधल्या. वाचनालये काढली, राष्ट्रीय शाळा काढल्या, गणेशोत्सव आणि व्याख्याने यांच्या आडोशाने लोकांना एकत्र आणले. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९४१ साली ही परिषद आपल्या शेजारच्या उमरीला भरली. तिथे जमलेल्या माणसांना सत्ता मिळणार नव्हती, मतदानाचा हक्कही नव्हता. तरीही ती जमली, कारण आपल्या गावाचे, आपल्या भाषेचे, आपल्या शिक्षणाचे काय व्हावे हे आपण बसून बोलले पाहिजे, असे त्यांना वाटत होते. राज्यकारभारात आपला शब्द असावा ही या लढ्याची पहिली मागणी होती, आणि ती सभेपासून सुरू झाली होती.

आज परिस्थिती उलटी आहे. सभा घेऊ नका असे सांगणारे फर्मान नाही, सभा घ्याच असे सांगणारा कायदा आहे. महाराष्ट्राच्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभा आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे २४ एप्रिल १९९३ पासून, तिला संविधानाचे बळ आले. वर्षातून निदान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत. साधारणपणे १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या सुमारास त्या होतात. सात दिवस आधी नोटीस द्यायची. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण या सभेचा सदस्य आहे, त्याला निवडून यावे लागत नाही. लाभार्थ्यांची निवड तिने करायची, गावाच्या आराखड्याला मंजुरी तिने द्यायची, जमाखर्च तिच्यापुढे मांडायचा. आमदाराला विधानसभा आणि खासदाराला लोकसभा, तसा साध्या मतदाराला हा एवढा एकच मंच आहे जिथे तो प्रतिनिधीमार्फत नव्हे, स्वतः बोलतो.

आणि तरी ती सभा कशी होते, हे भोकर तालुक्यात कोणाला सांगायला नको. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक कागद चिकटवलेला असतो. विषय ठरलेले असतात. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. जमाखर्चाचे वाचन करणे. घरकुलाची यादी. वित्त आयोगाच्या आराखड्यास मंजुरी देणे. आणि शेवटी, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. पूर्वी दवंडी पिटली जाई. आता व्हॉट्सॲपवर त्या कागदाचा फोटो फिरतो, तो उघडला तर अक्षरे वाचता येत नाहीत. सभेच्या दिवशी कोरम भरत नाही. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी, तेवढी माणसे हवीत. ती नसली की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. म्हणजे पाचपन्नास माणसे, कधी त्याहूनही थोडी, सगळ्या गावाच्या वतीने आराखडा मंजूर करू शकतात. सह्यांचे रजिस्टर नंतर घरोघर फिरते. ठरावाखाली सूचक, अनुमोदक आणि ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले जाते. त्या एका ओळीत कोणी विरोध केला होता का, कोणी दुसरे काही सुचवले होते का, याचा मागमूस राहत नाही.

यावर नेहमीचे उत्तर असते की लोकांनाच रस नाही. आम्हाला हे मान्य नाही. लोकांना घरकुलाच्या यादीत रस आहे, पाण्यात आहे, पीकविम्यात आहे, रस्त्यात आहे. धर्माबाद आणि बिलोली भागातल्या सीमेवरच्या गावांनी २०१८ साली आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली, तेव्हा पलीकडे शेतीला वीज किती तास मिळते, रयतु बंधू योजनेत शेतकऱ्याला एकरी किती रुपये मिळतात, निराधारांची पेन्शन किती आहे, याचा हिशेब चावडीवर बसून झाला होता. दोन राज्यांच्या कारभाराची तुलना करणारी माणसे उदासीन नसतात. त्या मागणीशी सहमत होणे वा न होणे हा भाग वेगळा. पण तशी चर्चा ग्रामसभेत सहसा होत नाही, कारण ग्रामसभेत बोलून काही बदलते असा अनुभव नाही. लोक सभेला येत नाहीत कारण सभेच्या आधीच सगळे ठरलेले असते. हे दुखणे मुळाशी आहे आणि भाषणे करून, पंधरवडे साजरे करून ते बरे होणार नाही.

शक्तिपीठ महामार्गाचे उदाहरण आपल्या दारातले आहे. नागपूर ते गोवा, ८०० किलोमीटरहून लांब रस्ता. भोकर विधानसभा मतदारसंघातल्याच अर्धापूर तालुक्यातून त्याची आखणी आली. केळी आणि हळदीची, बारमाही पाण्याची ही जमीन. तिथल्या शेतकऱ्याला आपल्या शेतातून रेघ गेल्याचे कळले ते रेघ ओढून झाल्यावर. मोजणीला पथके आली, शेतकरी बांधावर उभे राहिले, निवेदने गेली, मोर्चे निघाले. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी २० हजार कोटींहून अधिक रकमेला मंजुरी दिली, तेव्हाही विरोध संपलेला नव्हता. रस्ता हवा की नको यावर या जागेत आम्ही निकाल देत नाही. ज्यांची जमीन जाणार त्यांच्यात मतभेद आहेत, आणि मतभेद असणे स्वाभाविक आहे. प्रश्न क्रमाचा आहे. आखणीचे दोन-तीन पर्याय, प्रत्येकात बागायत किती जाते, विहिरी किती जातात, मोबदला कोणत्या दराने, हे सारे कागदावर घेऊन अधिकारी आधी गावांत बसले असते, तर जे भांडण बांधावर झाले ते निदान सभेत झाले असते. आणि सभेतल्या भांडणातून मार्ग निघण्याची शक्यता बांधावरच्या भांडणापेक्षा कितीतरी अधिक असते.

हेच मोठ्या प्रमाणावरही घडते. मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त १६ सप्टेंबर २०२३ रोजी छत्रपती संभाजीनगरला राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि मराठवाड्यासाठी सुमारे ४५ हजार कोटींच्या योजना जाहीर झाल्या. यादी मोठी होती. त्यातली कोणती गोष्ट कोणत्या तालुक्याने मागितली होती, कोणती आधी हवी होती, हे विचारण्याची व्यवस्था मात्र नव्हती. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. अनुशेषाची आकडेवारी घेऊन भांडण्याची ती एक तरी जागा होती. पुढे मार्च २०२२ नंतर नांदेडसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांचा कारभार प्रशासकांकडे गेला. नगरपरिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या आणि मतदान डिसेंबर २०२५ मध्ये झाले. या काळात रस्त्याचा खड्डा दाखवायला नागरिकाला सदस्य नव्हता, अध्यक्ष नव्हता, फक्त कार्यालय होते. एवढी वर्षे लोकप्रतिनिधींवाचून कारभार चालतो, ही सवय समाजाला लागणे धोक्याचे आहे.

मग वेगळे कुठे घडले आहे का? घडले आहे, आणि ते परदेशात शोधायला नको. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाने दिली. घोषणा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यामागची पद्धत कमी लोकांना ठाऊक आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामातून तिथे अभ्यास गट उभे राहिले. एखादा विषय आला की तो थेट ठरावाला जात नाही. आधी अभ्यास गट बसतो. जंगलाचा कायदा काय सांगतो, बांबू किती आहे, तोडला तर पुन्हा किती वर्षांनी येईल, यावर बोलणे होते. बाहेरचा जाणकार बोलावला तर तो माहिती सांगतो, निर्णय सांगत नाही. मग ग्रामसभा. तिथे हात मोजून निर्णय होत नाही. ज्याला पटलेले नाही त्याचे म्हणणे ऐकून, लागले तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबून, सर्वांच्या सहमतीने होतो. याला वेळ लागतो. पण २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, तो या वेळखाऊ पद्धतीच्या जोरावर. ज्या गावाला आपले जंगल किती आणि त्यात काय आहे हे माहीत असते, त्याला वनखाते सहजी परतवू शकत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे नाव घेतले की लोक पोपटराव पवारांचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. पण दुष्काळी मराठवाड्याने तिथून शिकायची गोष्ट म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला की किती पाऊस पडला, विहिरींत किती पाणी आहे, पिण्याला किती ठेवायचे, याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावरून रब्बीत कोणते पीक किती घ्यायचे ते ठरते. पाणी कमी असेल तर जास्त पाण्याचे पीक नाही. शेतकऱ्याला त्याच्या स्वतःच्या रानात काय पेरू नये हे सांगणे कुठल्याही सरकारला जमलेले नाही. ग्रामसभेला जमले, कारण हिशेब सगळ्यांसमोर झाला होता. भोकर तालुक्यात कापूस, सोयाबीन निघाल्यावर प्रत्येक गावात हा हिशेब मांडता येईल. पर्जन्यमापकाचे आकडे मिळतात, विहिरींची पातळी दोरी सोडून मोजता येते.

आणि दारूबंदीचे मतदान. २००८ च्या नियमांनी गावातल्या महिलांना दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान मागण्याचा हक्क दिला. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. अट अशी की एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत द्यायचे. म्हणजे जी घरी राहिली तिचे मत दुकानाच्या बाजूने पडल्यासारखेच. एवढी कठीण अट असूनही गावोगावच्या बायांनी रांगा लावून दुकाने बंद केली आहेत. त्या आल्या कारण विषय त्यांचा होता, मतदान गुप्त होते, आणि निकालाने दारातले काहीतरी बदलणार होते. बायका सभेला येत नाहीत असे म्हणणाऱ्याने आधी या तीन गोष्टी आपल्या गावात आहेत का ते पाहावे. २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पण सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी बसून नवराच उत्तरे देत असेल, तर त्या सभेत बाकीच्या बायका कशाला तोंड उघडतील?

भोकर शहरातल्या नागरिकाची अवस्था तर याहून वाईट आहे, आणि हे आपण पुरेसे ध्यानात घेतलेले नाही. गाव होते तोवर ग्रामसभा तरी होती. नगरपरिषद आली आणि तीही गेली. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आणल्या, पण त्या तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांना. भोकरसारख्या गावांना त्यात जागाच नाही. २००९ साली राज्याने शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली. ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवली जातात. फुटपाथ, दिवे, बसथांबे, बाके अशी छोटी कामे लोक सुचवतात आणि त्यातली काही अंदाजपत्रकात येतात. ही पद्धत ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ साली सुरू केली. तिथे मात्र लोक वस्तीवस्तीत बसून कामांचा क्रम लावत आणि त्यांचे प्रतिनिधी वर्षभर खर्चावर नजर ठेवत. पुण्यात अर्ज भरून द्यायचा असतो, एकमेकांशी बोलायचे नसते. तो फरक मोठा आहे. केरळने १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजनेतला तिसरा हिस्सा ओलांडणारी रक्कम स्थानिक संस्थांकडे दिली आणि ग्रामसभांत गट पाडून चर्चा घडवली. आधी पैसे दिले, मग सल्ला मागितला, म्हणून लोक आले.

आयर्लंडचेही सांगायला हवे. गर्भपाताच्या कायद्यासारख्या विषयावर तो देश दुभंगलेला होता. तिथे २०१६ साली ९९ सामान्य नागरिक निवडले गेले, मतपेटीतून नव्हे तर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, वय, लिंग, प्रदेश यांचा समतोल राखून. त्यांनी महिनोन् महिने शनिवार-रविवार बसून डॉक्टरांचे, वकिलांचे, दोन्ही बाजूंच्या लोकांचे ऐकले आणि शिफारस केली. तिच्यावर २०१८ साली सार्वमत झाले. भोकरला एवढे मोठे प्रश्न सोडवायचे नाहीत. पण शहराचे पाणी आठवड्यातून किती वेळा कोणत्या भागाला, आठवडी बाजार कुठे भरावा, कचरा कुठे न्यावा, या प्रश्नांवर प्रत्येक प्रभागातून चिठ्ठीने दोन बाया, दोन पुरुष निवडून, त्यांना कागद देऊन, तीन रविवार बसवायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. नगरपरिषदेने ठरवले तर अंदाजपत्रक मंजूर होण्याच्या दोन महिने आधी हे होऊ शकते.

एक सावधगिरी मात्र हवी. गावचा पार, चावडी, पंचांची बैठक यांचे गोडवे गाताना त्या पारावर कोण बसत होते आणि कोण लांब उभे राहत होते हे विसरता येत नाही. बायका तिथे नव्हत्या. महार-मांगांना तिथून चप्पल घालून जाताही येत नव्हते. आजही ‘गावाचे एकमत झाले’ असे सांगितले जाते तेव्हा कोणाला गप्प बसवून झाले, हे विचारलेच पाहिजे. बिनविरोध निवडणुकीचे कौतुक होते. पण नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी या गावांत पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाले आणि २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाला तिथली निवडणूक रद्द करावी लागली. मेंढ्याची सहमती आणि ही बिनविरोध निवड एक नव्हे. पहिलीत नाही म्हणणाऱ्यासाठी गाव थांबते. म्हणून इतिवृत्तात विरोधाचे नाव आणि कारण लिहिले जाणे ही फार मोठी सुधारणा ठरेल, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

भोकर तालुक्यातल्या बंजारा तांड्यांचे यात काय होते, हे सगळ्यात महत्त्वाचे. सभा मुख्य गावात होते. तांडा दोन-तीन किलोमीटरवर. जवळच्या किनवट तालुक्यात अनुसूचित क्षेत्रातल्या पाड्याला पेसा कायद्याने स्वतःची ग्रामसभा मागता येते, आणि आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट येतो तो कुठे लावायचा हे ती ठरवते. भोकरच्या तांड्याला तो हक्क नाही. शिवाय तारखांचा घोळ आहे. गावाचा पुढच्या वर्षाचा आराखडा २ ऑक्टोबरपासून पुढच्या तीन-चार महिन्यांत ठरतो. नेमक्या याच दिवसांत मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात, कोणी वीटभट्टीवर, कोणी हैदराबादकडे बांधकामावर जाते. २६ जानेवारीच्या सभेला तांड्यात म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे असतात. ज्यांच्या घराला नळ नाही, ज्यांच्या वस्तीला पक्का रस्ता नाही, तीच माणसे आराखडा ठरताना फडावर असतात, आणि रजिस्टरवर त्यांच्याही गावाचा ठराव सर्वानुमते मंजूर होतो.

हे बदलण्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहायचे कारण नाही. कायदा चार सभा कमीत कमी सांगतो, पाचवी घ्यायला मनाई करत नाही. १७ सप्टेंबरपासून २ ऑक्टोबरपर्यंत पंधरवडा मिळतो. तेवढ्यात प्रत्येक सरपंचाला तांड्यावर एक बैठक घेता येईल, दिवस मावळल्यावर, कापसाच्या रानातून बाया परतल्यावर, तांड्याच्या गोरमाटी बोलीत बोलता येईल अशी. सोबत मागच्या वर्षीचा जमाखर्च मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा आणि पुढच्या आराखड्यातली रक्कम सांगितलेली असावी. तांड्याने जे मागितले ते २ ऑक्टोबरच्या विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकावर घ्यावे, आणि जे नाकारले जाईल त्याचे कारण लिहून तांड्यावर कळवावे. मुकादमाचे ट्रक तांड्यावर यायच्या आत.